शाळेची धुरा

शाळेचा निकाल चांगला लागला की विद्यार्थ्यांचे कौतुक होते. वाईट लागला की शिक्षकांस बोल लागतो. शाळेची धुरा वाहणारा मुख्याध्यापक मात्र दोन्ही प्रसंगी विस्मृतीत राहतो. वस्तुतः विद्यार्थ्यांच्या यशाशी त्याचा संबंध किती निकटचा असतो, हे पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या आरंभीच्या इतिहासावरून उत्तम कळते.

सरकारी शिक्षकाची नोकरी सोडून आलेल्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळक व नामजोशी यांच्या साह्याने जानेवारी १८८० मध्ये ही शाळा काढली. त्याच वर्षी वामन शिवराम आपटे व पुढील वर्षी आगरकर येऊन मिळाले. सुपरिंटेंडेंट या नात्याने शाळेची व्यवस्था आपट्यांकडे आली. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांच्या आसपास होते.

१८८२ हे साल कसोटीचे ठरले. मार्चमध्ये विष्णुशास्त्री निवर्तले. पुढे कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांस शिक्षा होऊन १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. एकाच वर्षात असे तीन खांब निखळल्यावर दोन वर्षांची शाळा कोसळावयाची. परंतु ती कोसळली नाही. उलट त्याच वर्षी शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनी ती पाहून मुक्तकंठाने प्रशंसा केली. जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीही शाळेच्या विद्यार्थ्यांनी मिळविली.

यातील मर्म असे की, आपटे केवळ हजेरीपटावर सह्या करणारे अधिकारी नव्हते. ते स्वतः नामांकित संस्कृत शिक्षक होते. संस्कृत लेखनावरील त्यांचे पुस्तक व त्यांचा कोश पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिला. जो स्वतः शिकवितो, त्यासच सहकाऱ्यांचे शिकविणे पारखता येते व कच्चा विद्यार्थी वेळीच ओळखता येतो. १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले, तेव्हा पहिले प्राचार्यपद त्यांच्याकडेच आले. १८९२ मध्ये, ऐन चौतिशीत, त्यांचे निधन झाले.

आपल्या ज्ञातीतील अनेक गृहस्थ आज शाळांच्या समित्यांवर आहेत. मुख्याध्यापक नेमताना नातेसंबंध, ओळख वा नुसती सेवाज्येष्ठता पाहण्याचा मोह होतो. आम्ही जन्मभर खडू हाती धरला. म्हणून नम्रपणे सांगतो, इमारतीची वर्गणी दोन वर्षे उशिरा जमली तरी चालेल. पण मुख्याध्यापकाची निवड चुकली, तर मुलांची वाया गेलेली वर्षे कोणत्याही देणगीने भरून येत नाहीत.