झाडावरची साखर

मक्याची अथवा जवाची दारू गाळावयाची तर प्रथम धान्यांतील पिष्टाची साखर व्हावी लागते. कारण किण्व साखरेवर जगतें, पिष्टावर नव्हे. यासाठीं जव भिजवून त्यास मोड आणतात. मोडांत उत्पन्न होणारें द्रव्य पिष्टाची साखर करतें. १८३३ सालीं पायां व पेर्सो या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं तें वेगळें काढलें व त्यास डायास्टेस हें नांव दिलें.

वसईच्या पट्टींत ही खटपट कोणास करावी लागली नाहीं. तेथें साखर झाडावरच तयार होती. भंडारी ताडमाडाची पोय छेवून तिला मडकें बांधी. पहाटेचा रस गोड असे. ऊन चढलें कीं तोच आंबून ताडी होई. पूर्वेकडील रानांत वारली, कातकरी मोहाचीं फुलें आंबवून दारू गाळीत. त्या वाळल्या फुलांतही निम्म्याच्या आसपास साखरच असते.

धान्य घरोघर असतें. त्यावर पहारा कसा बसावा? झाडें मात्र मोजतां येतात. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें ताडी काढण्यास परवाना लागला व झाडागणिक कर बसविण्याची सोय झाली. वसई तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होती. १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें गोळा करणें व बाळगणें यांवरही निर्बंध आले.

परंतु तीं फुलें केवळ भट्टीसाठीं नव्हतीं. धान्य संपलें म्हणजे रानांतलीं कुटुंबें तींच उकडून, भाजून खात. सरकारनें त्यांत दारू पाहिली. ज्यांच्या चुलीवर तीं शिजत, त्यांची शिदोरीही त्याच कायद्याच्या कक्षेंत आली.