गल्लीतल्या गतिरोधकाचं कूळ

कोथरूड असो, सहकारनगर असो की सदाशिव पेठ. गल्लीतून गाड्या सुसाट जाऊ लागल्या की क्षेत्रीय कार्यालयात रहिवाशांचा अर्ज पडतो : गतिरोधक बसवावा. मागणी रास्त आहे. मात्र गतिरोधक म्हणजे रस्त्यावर ओतलेला डांबराचा ढीग नव्हे. त्याचा आकार बऱ्याच मोजमापातून ठरला आहे.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या चॅटम गावानं १९०६ मध्येच पादचाऱ्यांच्या ओलांडणीच्या जागा सुमारे पाच इंच उंच करून मोटारींना वेसण घातली होती. पुढे १९५३ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टन यांनी आवारातल्या भरधाव गाड्यांसाठी उंचवटे आखले. क्ष-किरणांवरच्या संशोधनासाठी १९२७ चं नोबेल मिळवलेले हे तेच कॉम्प्टन.

उंचवट्याला शास्त्रशुद्ध रूप दिलं ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी. त्यांचा अहवाल १९७३ चा. अरुंद, आखूड उंचवट्यावरून वेगानं गेल्यास धक्का चाकं आणि स्प्रिंगाच शोषून घेतात. चालकाला तो हळू जाताना जाणवतो त्याहून कमीही जाणवू शकतो. उंचवटा रुंद आणि गोलाकार केला, तर वेग वाढेल तसा त्रास वाढतो. म्हणून त्यांनी १२ फूट रुंद, ४ इंच उंच आकार सुचवला.

तोच आकार भारतीय रस्ते काँग्रेसनं १९८८ मध्ये मार्गदर्शक सूचनांत घेतला : ३.७ मीटर रुंदी, मध्यभागी १० सेंटिमीटर उंची, १७ मीटर त्रिज्येचा कमानी माथा. त्यावरून ताशी २५ किलोमीटरनं गाडी विनासायास जावी, हा हिशेब. नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये तर रहिवाशांनी गल्ल्यांची मांडणीच बदलवली. वळणं, झाडं, बसायच्या जागा आल्या आणि १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्याचं पाठबळ मिळालं. आपल्याकडेही २०१८ च्या सुधारित सूचना गतिरोधकापलीकडचे उपाय सांगतात : रस्ता अरुंद करणं, उंच केलेली ओलांडणी, लहान वर्तुळाकार चौक.

पुण्यात अडतं ते घाईनं. मापात न बसणारा, उभट, न रंगवलेला उंचवटा अंधारात दिसत नाही. दुचाकीस्वार घसरतो, रुग्णवाहिकेतला रुग्ण हादरतो. आणि आधीचा वेग कुणी मोजलेला नसेल, तर नंतर फरक पडला का, हे कळणार कसं? मोजायची रीत सोपी आहे. मोकळ्या रहदारीत वाहनांचे वेग नोंदवायचे आणि शंभरातली पंच्याऐंशी वाहनं ज्या वेगात किंवा त्याखाली जातात, तो आकडा धरायचा. ताशी ३० ऐवजी ५० नं येणाऱ्या गाडीत धडकेची ऊर्जा पावणेतीन पट असते. मुलं खेळतात त्या गल्लीत हा फरक जीवन-मरणाचा आहे.

तेव्हा पुढचा अर्ज लिहाल तेव्हा तीन मागण्या करा : आधी वेग मोजा, मग नियमाच्या मापात उपाय करा आणि नंतर पुन्हा मोजा.