अल्बारिनो आणि वऱ्हाडी ताट

स्पेनच्या वायव्य टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी गॅलिसिया हा प्रांत आहे. पाऊस भरपूर, हवा दमट. 'अल्बारिनो' ही पांढरी वाइन मुख्यत्वे येथील रियास बाइशास, म्हणजे 'खालच्या खाड्या', या भागात होते. या भागाच्या वाइनला 1988 मध्ये अधिकृत उगमनाम मिळाले. अल्बारिनो द्राक्षाची साल जाड असते. शिवाय खालून वारा खेळता राहावा म्हणून वेली मांडवावर चढवतात. शेजारच्या पोर्तुगालमध्ये हेच द्राक्ष अल्व्हारिन्यो या नावाने ओळखले जाते. कांबादोस गावात 1953 पासून या वाइनचा उत्सव भरतो.

चवीला ती कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली. आंबटपणा ठळक, लिंबू-पीचचा गंध आणि किंचित खारट छटा. मद्यार्क साधारण 12 ते 13 टक्के. गॅलिसियात ती कालवे, शिंपले आणि ऑलिव्ह तेल व लाल मिरचीपूड भुरभुरलेल्या ऑक्टोपससोबत घेतात. तळलेल्या मासळीवर पिळलेले लिंबू जे काम करते, तेच काम या वाइनचा आंबटपणा करतो.

अमरावती-अकोल्याला समुद्र नाही. पण हे तत्त्व येथेही लागू पडते. सर्वांत चांगली जोडी जुळते ती सांबारवडीशी. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगायला हवे. बेसन-कणकेच्या पारीत कोथिंबीर, खोबरे, खसखस भरून तळलेल्या या वडीचा तेलकटपणा वाइन कापते आणि कोथिंबिरीचा हिरवा वास तिच्या गंधाला पूरक ठरतो. अप्पर वर्धा किंवा काटेपूर्णा धरणातील रोहू, कटला हळद-मीठ लावून तळल्यास तेही चालतील. गोळाभातावरची हिंग-मिरचीची फोडणी मात्र बेताची हवी.

खरी अडचण तिखटाची आहे. गॅलिसियातील पाद्रोनच्या तळलेल्या हिरव्या मिरच्यांत एखादीच तिखट निघते; आपल्या ठेच्यात एकही सुटत नाही! मद्यार्कामुळे मिरचीची आग वाढते, कमी होत नाही. त्यामुळे पाटवडी रस्सा किंवा झणझणीत मटणासोबत अल्बारिनो घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तेथे किंचित गोडसर शेनिन ब्लाँ बरी. नाशिकच्या सुला कंपनीने 2000 साली शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ बाजारात आणल्या. अल्बारिनो न मिळाल्यास सांबारवडीसोबत दुसरी घ्यावी. तिचा आंबटपणा आणि हिरवट गंध त्याच जातीचा आहे.

ही वाइन 8 ते 10 अंशांना, कोवळी असतानाच प्यावी. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे जातो. अशा दिवसांत गाडीत किंवा माळ्यावर ठेवलेली बाटली लवकर बिघडते. खरेदी करताना दुकानात ती थंड जागी होती की काचेच्या कपाटात उन्हात, हे आधी पाहावे. बूच वर आलेले असल्यास ती बाटली घेऊ नये.

महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय 21 वर्षे असून मद्यसेवनाचा परवाना लागतो. अमरावतीला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. नागपूरहून रेल्वेने किंवा मोटारीने येताना बहुधा हाच जिल्हा ओलांडावा लागतो. तेव्हा बाटली आपल्याच शहरातील परवानाधारक दुकानातून घेतलेली बरी.