सफेदा, पिवडी आणि गेरू

2003 साली लंडनच्या साउथवार्क भागात रोमन काळातल्या एका देवस्थानाच्या जागी उत्खनन चालू असताना कथलाची एक छोटी डबी सापडली. झाकण इतकं घट्ट बसलेलं, की आतलं पांढरं मलम जवळजवळ अठराशे वर्षं टिकलं होतं. त्यात कुणाची तरी बोटं फिरल्याच्या खुणाही तशाच होत्या. रसायनशास्त्रज्ञांनी ते तपासलं तेव्हा तीनच जिन्नस निघाले: जनावराची चरबी, स्टार्च आणि कथलाचं ऑक्साइड. चरबीनं मलम पसरायचं, स्टार्चनं त्याचा चिकटपणा जायचा आणि कथलामुळे चेहरा पांढरा दिसायचा. आज ‘मिनरल फाउंडेशन’ म्हणून जे विकलं जातं त्याचा हा फार दूरचा, पण सख्खा पूर्वज.

खरं नवल कथलाचं आहे. त्या काळी चेहरा उजळायचा तर हाताशी असायचं शिसं. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत ठेवले की त्यांच्यावर पांढरी खपली धरते. ती खरवडून, धुऊन, वाटून घेतली की झाली भुकटी तयार. पुढे डच कारखानदारांनी शिसं-व्हिनेगरची मडकी घोड्याच्या लिदीत पुरायला सुरुवात केली, कारण लिदीची ऊब आणि तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड या दोन्हींमुळे काम सोपं होई. एवढ्या खटाटोपातून निघालेली ही भुकटी दिसायला अप्रतिम, अंगाला चिकटून बसणारी आणि विषारी. तिनं त्वचा खराब होई आणि ती लपवायला आणखी थर लागे. काउंटेस ऑफ कोव्हेंट्री, म्हणजे माहेरची मारिया गनिंग, ही लंडनमधली गाजलेली सुंदरी 1760 साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेली, आणि त्याचं खापर लोकांनी तिच्या रंगपेटीवर फोडलं.

या विषाचा सगळ्यात ठळक पंचनामा मात्र जपानमध्ये झाला. तिथल्या पांढऱ्या रंगाला ओशिरोई म्हणतात. काबुकीचे नट तो चेहरा, मान, हातांवर जाड थापत. 1887 साली परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांच्या घरी खुद्द सम्राटांपुढे काबुकीचा प्रयोग होता. त्यात नाकामुरा फुकुसुके या नटाचा पाय थरथरू लागला, काही केल्या थांबेना. निदान झालं शिसेबाधेचं. सम्राटांसमोर घडल्यामुळे त्याची देशभर चर्चा झाली. तरी शिसं लगेच गेलं नाही, कारण बिनशिशाच्या भुकट्या चेहऱ्यावर तितक्या बसत नसत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चांगली बिनशिशाची ओशिरोई बाजारात आली, तरी स्वस्त शिशाची विक्री चालूच होती. मग 1923 च्या सुमारास क्योतोचे बालरोगतज्ज्ञ हिराई इकुतारो यांनी दाखवून दिलं, की तान्ह्या बाळांमध्ये ज्याला मेंदूज्वरासारखा आजार समजत होते ती शिसेबाधा आहे आणि शिसं येतं आईच्या प्रसाधनातून. नटाच्या पायापेक्षा ही गोष्ट कितीतरी भयंकर. त्यानंतरही कायद्यानं बंदी यायला एक दशक गेलं.

शिशाची जागा घेतली जस्तानं, पण ती सौंदर्याच्या नव्हे, भिंतींच्या वाटेनं. पॅरिसमधले रंगकामाचे कंत्राटदार एदम-जाँ लक्लेर यांनी आपल्या कामगारांना शिशाच्या रंगानं पोटशूळ होतो हे पाहून 1840 च्या दशकात जस्ताच्या पांढऱ्या रंगाचा पुरस्कार केला. तोच पांढरा पुढे चेहऱ्यावर आला. आपल्याकडे यशद भस्म म्हणजे जस्ताचं ऑक्साइडच. पण ते पोटात घ्यायचं औषध होतं.

मराठी रंगभूमीच्या रंगपेटीत मात्र हे सगळे प्रकार एकत्र नांदत होते. जुन्या नाटकमंडळ्या आणि तमाशाचे फड सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि मुरदाडशिंग यांवर चेहरे रंगवत. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. सफेदा हे नाव तर फसवंच. बाजारात शिशाचा पांढराही सफेदा आणि जस्ताचाही सफेदाच. दुकानदारानं पुडीत काय बांधलंय त्यावर नटाची तब्येत! त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणाल तर पिवडी. आणि भिंतीला लागणारा गेरू. दोन्ही लोखंडाच्या गंजाचेच प्रकार.

आजच्या मिनरल फाउंडेशनच्या डबीत, विषं वगळता, हेच आहे. पांढरं म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड आणि जस्ताचं ऑक्साइड, म्हणजे सफेदा. पिवळं, तांबडं आणि काळं आयर्न ऑक्साइड, म्हणजे पिवडी, गेरू आणि एक काळा. आणि वर अभ्रक. टायटॅनियमचा पांढरा 1916 च्या आसपास नॉर्वे आणि अमेरिकेत कारखान्यात बनू लागला आणि झाकण्याच्या ताकदीत त्यानं सगळ्यांना मागे टाकलं. त्याआधीच लाइशनरच्या रंगकांड्या आल्या होत्या, मग मॅक्स फॅक्टरचं पॅनकेक आलं, तेल-मेणातली द्रव फाउंडेशनं आली, आणि सुटी भुकटी वरून फिरवायच्या पावडरीपुरती उरली. तिला पुन्हा मुख्य भूमिका मिळाली कॅलिफोर्नियात. 1976 साली सुरू झालेल्या बेअर एसेन्शुअल्स या कंपनीनं तेल, मेण, सुगंध काढून टाकून नुसत्या खनिजांची भुकटी विकली. 1990 च्या दशकात कंपनीच्या प्रमुख लेस्ली ब्लॉजेट यांनी टीव्हीवरच्या विक्री वाहिनीवरून ती ब्रशनं गोल गोल फिरवून दाखवली, आणि धंदा असा फोफावला की 2010 साली जपानच्या शिसेडोनं ही कंपनी सुमारे 1.7 अब्ज डॉलरला विकत घेतली. भुकटीसोबतच्या आखूड दांड्याच्या, दाट केसांच्या ब्रशला अमेरिकन लोक काबुकी म्हणतात. त्या नटाचा थरथरता पाय आठवला तर हे नाव जरा अंगावर येतं.

जाहिरातीत ‘मातीतून थेट तुमच्या चेहऱ्यावर’ असा सूर असतो. तो मला पटत नाही. मातीतून थेट आलेली पिवडी आणि गेरू यांत शिसं, आर्सेनिक मिसळलेलं असू शकतं. म्हणूनच अमेरिकेच्या नियमानुसार प्रसाधनातलं आयर्न ऑक्साइड कृत्रिमरीत्या बनवलेलंच लागतं, आणि त्यात शिसं दहा लाखांत 10 भाग, आर्सेनिक 3 भाग, पारा 3 भाग यांहून जास्त चालत नाही. चेहऱ्यावरचं खनिज सुरक्षित झालं ते खाणीपासून दूर गेल्यामुळे. निसर्गाचं कौतुक करायला माझी ना नाही, पण शिसंही नैसर्गिकच होतं.

डबीत नेमकं काय आहे हे कळलं की निवड सोपी होते. प्रत्येक भुकटी प्रकाश किती वाकवते यावर तिचं झाकणं ठरतं. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, तेलाचा दीडच्या आतबाहेर, अभ्रकाचा 1.6 च्या जवळ, जस्ताच्या ऑक्साइडचा 2 आणि टायटॅनियमचा 2.5 ते 2.7. त्यामुळे चेहऱ्याचं तेल सुटलं की अभ्रक जवळजवळ दिसेनासं होतं, टायटॅनियम मात्र पांढरंच राहतं. सावळ्या किंवा काळ्यासावळ्या चेहऱ्यावर जी राखाडी झाक येते ती याचीच. म्हणून अशा वर्णाला टायटॅनियम कमी आणि आयर्न ऑक्साइड जास्त असलेली छटा घ्यावी. फिक्या डबीतून दोन थर कमी लावून ती झाक जात नाही. गव्हाळ वर्णाला बहुधा पिवळ्याकडे झुकणारी छटा लागते, आणि परदेशी कंपन्यांच्या गुलाबी छटा दुकानाच्या दिव्यात छान आणि उन्हात आजारी दिसतात. छटा मनगटावर पाहू नये. जबड्याच्या कडेला लावून खिडकीपाशी यावं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबावं. तेल मुरलं की रंग थोडा गडद होतो, आणि पाहायचा तो हाच रंग.

लावताना कोरडेपणा महत्त्वाचा. मॉइश्चरायझर पूर्ण मुरू द्यायचं, नाहीतर भुकटीचे डाग पडतात. चिमूटभर झाकणात काढायची, ब्रश त्यात घोळवायचा, कडेला ठोकून जास्तीची झाडायची आणि हलक्या हातानं गोल फिरवत जबड्याकडून नाकाकडे यायचं. कमी वाटलं तर दुसरा पातळ थर. भुकटी उधळायची नाही, कारण टायटॅनियमच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं श्वासातून गेल्यास कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत घातलं आहे. त्वचेवर तिची भीती नाही. डबीवरच्या एसपीएफवरही विसंबू नये. तो आकडा प्रत्येक चौरस सेंटीमीटरला 2 मिलिग्रॅम थरावर मोजलेला असतो, आणि तेवढी भुकटी कुणी थापत नाही. खाज सुटली तर यादीत बिस्मथ ऑक्सिक्लोराइड आहे का पाहावं. मोत्यासारखी चमक देणारा हा पदार्थ बऱ्याच जणींना सोसत नाही.

खाणीतून अजूनही सरळ येतं ते अभ्रक. झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात सोडून दिलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यातून लोक त्याचे तुकडे वेचतात. तिथं त्याला ढिबरा म्हणतात. वेचणाऱ्यांत मुलंही असतात. दरडी कोसळून मुलं मेल्याच्या बातम्या 2016 साली जगभर गेल्या. त्यानंतर काही कंपन्यांनी पुरवठ्यावर देखरेख ठेवणारा गट काढला, तर काहींनी प्रयोगशाळेत वाढवलेलं अभ्रक वापरायला घेतलं. यादीत त्याचं नाव सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट असं जीभ अडखळवणारं असतं, आणि सीआय 77019 हा आकडा दिसला तर ते साधं अभ्रक. ते कुठल्या खाणीतलं, हे सहसा डबीवर छापलेलं नसतं. ते कंपनीलाच विचारावं लागतं.