सेकंदाचा शंभरावा भाग

स्विस घड्याळांच्या कीर्तींत मोटारशर्यतींचा वाटा मोठा. परंतु या नात्यांतील एक विसंगति आम्हांस चमत्कारिक वाटते. १९१६ सालींच तेथील होयर पेढीनें सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारें घड्याळ काढिलें. पुढें १९५५ सालीं फ्रान्सांत ल मां येथें शर्यतींतील एका मोटारीचे तुकडे गर्दीवर कोसळून ८० हून अधिक माणसें मेलीं, तेव्हां हादरलेल्या स्वित्झर्लंडनें आपल्या भूमीवर फेऱ्यांच्या मोटारशर्यतीच बंद केल्या. घड्याळवाले मात्र थांबले नाहींत. १९६३ सालीं होयरनें नव्या मनगटी घड्याळास ‘कारेरा’ हें नांव दिलें, तेंही मेक्सिकोंतील १९५० ते १९५४ पर्यंत चाललेल्या, अनेकांचे बळी घेणाऱ्या शर्यतीवरून! १९६९ सालीं जो सिफर्ट हा स्विस शर्यतपटु पेढीचें नांव मिरवूं लागला. १९७१ सालीं इंग्लंडांत ब्रँड्स हॅच येथें तो शर्यतींतच गेला. वय अवघें ३५.