रिपनसाहेबांना निरोप

डिसेंबर 1884. तुम्ही अपोलो बंदराकडे निघाला आहात, पण गर्दीत पाऊल पुढे पडत नाही. डोळे सवयीने गेटवे ऑफ इंडिया शोधतात. तो पुरा व्हायला अजून 40 वर्षं आहेत. बोरीबंदरचं नवं स्टेशनसुद्धा बांधून संपलेलं नाही. राजाबाई टॉवर तेवढा ओळखीचा. घोड्यांच्या ट्रामचा रस्ता माणसांनी बुजून गेलाय. पगड्या, पागोटी, तुर्की टोप्या, उघडी डोकी.

"बाबा, जरा सरका की, मलाही बघू द्या," शेजारचा म्हातारा म्हणतो. लाटसाहेब चाललेत, विलायतेला, कायमचे. गाडीत दाट दाढीचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन दिसतात आणि म्हाताऱ्याचे हात आपोआप जोडले जातात.

राज्य करायला आलेल्या माणसासाठी एवढी माया कशाला? उत्तर हवं तर वर्षभर मागे चला.

डिसेंबर 1883, कलकत्ता. हेच साहेब शहरात परततात, तेव्हा त्यांचेच गोरे देशबांधव त्यांची हुर्यो उडवत असतात. त्यांना चांदपाल घाटावरून बोटीत कोंबून परत पाठवायचा बेतही शिजलाय म्हणे. कारण इल्बर्ट विधेयक. गोऱ्या आरोपीचा खटला जिल्ह्यातल्या हिंदी न्यायाधीशापुढे चालू शकेल, एवढंच त्यात होतं. मळेवाले, व्यापारी, वकील सगळे चवताळले. शेवटी जानेवारी 1884 मध्ये तडजोड झाली: गोऱ्या आरोपीला निम्मे तरी गोरे असलेली ज्युरी मागता येईल. विधेयकाचा कणाच मोडला. रिपन नमले, आणि ते नमणं आजही बोचतं.

पण हा माणूस सोयीसाठी मत बदलणारा नव्हता. जन्म 10 डाउनिंग स्ट्रीटचा, 1827 मधला, वडील तेव्हा पंतप्रधान. असा बडा उमराव 1874 मध्ये कॅथलिक झाला. इंग्लंडात तेव्हा त्याने राजकारणातली वाट बंद व्हायची. सहा वर्षांनी पंतप्रधान ग्लॅडस्टननी त्यालाच व्हाइसरॉय करून हिंदुस्थानात धाडलं.

आणखी थोडं मागे या, आपल्या पुण्यात. ऑक्टोबर 1882. रिपननी शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांचं निवेदन आलंय: सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, मग तिच्या मुलांना प्राथमिक शाळा का नाही? 'केसरी' जेमतेम पावणेदोन वर्षांचा आहे. देशी वृत्तपत्रांचं तोंड बांधणारा, आधीचे व्हाइसरॉय लिटन यांचा कायदा रिपननी त्याच वर्षी रद्द केलाय. आणि मे महिन्यातला तो स्थानिक स्वराज्याचा ठराव! नगरपालिका आणि लोकल बोर्डांत निदान दोन तृतीयांश सभासद बिनसरकारी असावेत. कारभार लगेच सुधारेल असा रिपनचा दावा नव्हता. लोकांनी कारभार करत करत तो शिकावा, चुकले तरी शिकावा, हे त्यांना हवं होतं. गोऱ्या अधिकाऱ्यांना हे पचलं नाही आणि प्रांतोप्रांती ठराव पातळ झाला. तरीही त्या काळच्या किती लाटसाहेबांनी रयतेला चुका करायचा हक्क दिला असता?

बंदरावर परत या. गाडी पुढे गेली. म्हातारा उपरण्याने डोळे पुसतोय.

आता दहा वर्षं पुढे, समुद्रापार. 1894, डर्बन. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीमधल्या हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणारं विधेयक आलंय. चोविशीतला वकील मोहनदास गांधी अर्ज लिहितोय. व्यापारी गाड्या जुंपून गावोगाव फिरतायत. मजकूर नीट समजल्याशिवाय कुणाची सही घ्यायची नाही, असं ठरलंय. पंधरवड्यात 10,000 सह्या जमतात.

तुम्ही त्या वकिलाच्या खांद्यावरून वाकून बघता. अर्ज लंडनला वसाहतमंत्र्यांकडे जायचाय. त्या खात्याचे मंत्री आहेत लॉर्ड रिपन.