सांतोरिनीची डाळ आणि द्राक्षं

ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर पर्यटकांना दिवसभर फिरवून तिथली वाइन आणि पिवळ्या डाळीचं घट्ट वरण चाखवतात. ही ‘फावा’ डाळ म्हणजे आपल्या विदर्भातल्या लाखोळीची बहीणच. सुमारे ३६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या अक्रोतिरी नगरात हिचे दाणे सापडले. तिथलं उत्खनन १९६७ साली सुरू झालं.

बेटावर पाऊस कमी, वारा फार. म्हणून शेतकरी द्राक्षाची वेल जमिनीलगत टोपलीसारखी गोल विणतात. घड आत सुरक्षित राहतात. समुद्रावरचं धुकं वेलीची तहान भागवतं.

आज हॉटेलं वाढताहेत, मळे आटताहेत. ज्या चवीसाठी पाहुणे येतात, तिचीच जमीन पाहुण्यांच्या खोल्यांखाली जातेय. राखेतून तगलेलं बी सिमेंटखाली कसं तगणार?